बरगडीतली नस

लालासाहेबांना मी दवाखान्याबाहेर काढलं तेव्हा खालच्या खताच्या दुकानात चार माणसं युरिया घ्यायला उभी होती. त्यामुळे संध्याकाळपर्यंत अख्ख्या उंब्रजला कळलं की वरची म्याडम भांडकुदळ आहे. कळू दे. निदान उगीच गप्पा मारायला येणारे तरी कमी होतील.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हायवेच्या सर्व्हिस रोडला, या खताच्या दुकानाच्या वर माझ्या दोन खोल्या आहेत. आठ वर्षं झाली, पण अजून माणसं जिना चढून येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "गोळी न्हाई का एखादी?" नाही म्हटलं की इंजेक्शनचं विचारतात. तेही नाही म्हटल्यावर माझ्याकडे अशी बघतात, जणू मी त्यांना जेवायला बोलावून रिकामं ताट पुढं केलंय. व्यायाम सांगितला की मान डोलावतात आणि घरी जाऊन भलतंच काहीतरी करतात. पण लालासाहेबांनी जे केलं त्याला भलतंच म्हणणंसुद्धा कमी पडेल.

लालासाहेब फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. तारळी नदीच्या काठाला गाव, घरचा ऊस. मुलगी राजेश्वरी, तेवीस वर्षांची. गेल्या डिसेंबरात ती पहाटे पोलीस भरतीच्या सरावाला ग्राउंडवर निघाली होती. रस्त्यात ट्रॉलीतून पडलेली उसाची मोळी होती. तिच्यावरून स्कूटी घसरली आणि पोरगी उजव्या खांद्यावर आपटली. हाड एकही मोडलं नाही. पण खांदा एकीकडे आणि मान दुसरीकडे असा हिसका बसला, आणि मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांपैकी वरच्या दोन मुळातूनच उपटल्या. बोटं हलायची, मूठ वळायची, वाकलेलं कोपर सरळही व्हायचं. फक्त ते वाकायचं नाही. म्हणजे हातात घास धरता यायचा, पण तोंडापर्यंत नेता यायचा नाही.

मार्चमध्ये पुण्याला ऑपरेशन झालं. सर्जननी बरगड्यांमधल्या तीन नसा सोडवून घेतल्या, काखेतून वळवल्या आणि दंडाच्या बेडकुळीकडे जाणाऱ्या नसेला जोडल्या. बरगडीतल्या नसेचं मूळचं काम श्वासाचं. आपण छातीभर श्वास घेतो तेव्हा ती कामाला लागते. आता तिनं हात वाकवायचा. ती दंडापर्यंत वाढत आली की सुरुवातीला दीर्घ श्वास घेतानाच कोपर वाकतं. मग हळूहळू ती नस श्वास विसरते आणि हाताची होऊन जाते.

हे मी लालासाहेबांना पहिल्याच दिवशी समजावलं. त्यांनी लगेच सारांश काढला. "म्हंजी मेन लाइन तुटली, शेजारच्या डीपीवरनं कनेक्शन घेतलं. आता करंट कवा सोडायचा?"

"तात्या, ती वायर नाही. जिवंत आहे. जोडलं तिथून पुढं ती रोज साधारण एक मिलिमीटर वाढणार. दंडात शिरायलाच चार-पाच महिने जातील."

"आन तवर?"

"तोवर बेडकुळी जगवायची. इथं येऊन तिला मशीनचा करंट द्यायचा, कोपर रोज दुसऱ्या हातानं वाकवायचं, सरळ करायचं. कारण नस स्नायूच्या ओढीनं येते. स्नायूकडून तिला खुराक मिळतो, त्या खुराकावर ती जगते. इथं स्नायूच वाळून गेला तर नस येऊन करणार काय?"

लालासाहेब हसले. लहान पोर काही बोललं की हसतात तसं. "म्याडम, हुकूम वरनं खाली येतो. डोकं म्हंजी हेडक्वार्टर, नस म्हंजी वायरलेस, मसल म्हंजी जवान. हुकूम आला की जवान उठतोच. जवानानं सायबाला खुराक दिल्याचं मी चोवीस वर्सात बघितलं न्हाई."

मी माण तालुक्यातली. माझे वडील धुळा, धनगर माणूस, त्यांनी उभी उमर मेंढरांमागं घालवली. त्यांना मी हीच गोष्ट एकदा सांगितली होती, तर ते म्हणाले होते, "त्यात काय नवल? कोकरू वढतंय म्हणून मेंढीला दूध उतरतं. कोकरू मेलं की मेंढी आटती." शाळा न शिकलेल्या माणसाला एका वाक्यात कळलं. मी लालासाहेबांना मेंढीचं सांगितलं, तर ते म्हणाले, आमच्यात मेंढरं नसतात.

मग मी आणखी चूक केली. मला वाटलं, विज्ञान सांगितलं तर पटेल. म्हटलं, पोटात बाळ घडताना लागतात त्याच्या जवळजवळ दुप्पट नसांच्या पेशी तयार होतात. ज्या स्नायूपर्यंत पोचतात त्या जगतात, बाकीच्या मरतात. अंड्यातल्या पिलावर हे तपासलेलं आहे. पायाचा कोंब काढून टाकला की त्या बाजूच्या पेशी मरतात, आणि जास्तीचा एक कोंब लावला की जास्त पेशी जगतात. यातलं लालासाहेबांच्या लक्षात एवढंच राहिलं की कोंबडीला तीन पाय करता येतात. गावात त्यांनी तेवढंच सांगितलं. पुढच्या आठवड्यात एकजण माझ्याकडं पोल्ट्रीची चौकशी करायला आला.

एप्रिल-मेमध्ये ती नियमित आली. मंगळवार आणि शुक्रवार. राजेश्वरी कमी बोलणारी पोरगी. दुखतंय का विचारलं तर बापाकडं बघायची आणि बाप सांगायचा, "न्हाई दुखत." दोनदा मी म्हटलंसुद्धा की मी तिला विचारलंय. जूनमध्ये लालासाहेब म्हणाले, पेरण्या आल्या, येणं जमणार नाही, घरी करायचं ते लिहून द्या. त्या दिवशी बाहेर अकरा पेशंट बसले होते. मी चिठ्ठीवर लिहिलं, 'दीर्घ श्वास, वीस वेळा, सकाळ-संध्याकाळ', आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. करंटसाठी तरी आठवड्यातून एकदा आणा, असं तोंडानं बजावलं. लालासाहेब "व्हय व्हय" म्हणाले.

त्यानंतर अडीच महिने कुणी आलं नाही. फोन केला की म्हणायचे, "कार्यक्रम जोरात चालू हाय."

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिघं आली. लालासाहेब, राजेश्वरी आणि तिची आई लीलाबाई. कराडला दंडात सुई घालून करायची नसेची तपासणी करून आली होती. रिपोर्ट मी दोनदा वाचला. नस दंडात पोचली होती. सिग्नल बारीक होता, पण होता. मला इतका आनंद झाला की मी लालासाहेबांचे अडीच महिने तिथल्या तिथं माफ केले.

"राजेश्वरी, आता दीर्घ श्वास घे आणि कोपर वाकव."

ती टेबलावरून खाली उतरली. मला कळेना, उतरली का. तिनं टाचा जुळवल्या, छाती पुढं काढली, हनुवटी वर केली आणि छातीभर श्वास घेतला. उजवा हात मांडीवरच्या शिवणीला चिकटून ताठ उभा. कोपर असं कुलूप घातल्यासारखं, की मी धरून वाकवायला गेले तरी वाकेना.

"हे काय?"

"सावधान," लालासाहेब कौतुकानं म्हणाले. "वीस येळा सकाळी, वीस येळा सांजचं. एक दिस खाडा न्हाई. छाती दोन इंच वाढली तिची."

मी खाली बसले. खुर्चीतच बसले, पण बसले. श्वासाची नस हाताच्या कामाला लावण्यासाठी ती आम्ही काखेतून वळवून आणली होती, आणि या माणसानं अडीच महिने, दिवसाला चाळीस वेळा, पोरीला शिकवलं होतं की श्वास घेतला की हात ताठ करायचा. कोपर सरळ करणारा दंडामागचा स्नायू धडधाकट होता. श्वास आत गेला की तो आपोआप आवळायचा. समोरची अशक्त बेडकुळी त्याच्यापुढं काय टिकणार? आणि बेडकुळी होतीच कुठं. मी बाही वर केली. जूनमध्ये तिथं निदान धरायला मांस होतं. आता चिमटीत कातडी आली.

"काकी, कोपर रोज वाकवत होता ना दुसऱ्या हातानं?"

लीलाबाई म्हणाल्या, "आवं, नवी नस हाय आतमदी. तुटली-बिटली तर? झोळीत ठिवत होतो हात दिसभर. घास मीच भरवते."

म्हणजे दिवसभर झोळी आणि दोन वेळा सावधान. मी लालासाहेबांना काय काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. जवान उपाशी मारला आणि वर त्याच्याकडून परेड करून घेतली, असं म्हटल्याचं आठवतं. तुमच्या हुकमानं पोरीचा हात जाणार आहे, असंही म्हटलं. त्यांनी शांतपणे खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यातून माझी चिठ्ठी काढली आणि टेबलावर ठेवली. 'दीर्घ श्वास, वीस वेळा, सकाळ-संध्याकाळ.' हाताचा, कोपराचा एक शब्द नाही.

"लिवलंय तसंच केलं," ते म्हणाले.

मला माझीच लाज वाटली, आणि लाज वाटली की मला जास्त राग येतो. दीर्घ श्वास घे म्हटल्यावर इकडच्या फौजी घरात छाती काढून सावधानातच उभं राहतात, हे मला आठ वर्षांत कळायला नको होतं का? तो सगळा राग मी लालासाहेबांवर काढला. म्हटलं, यापुढं व्यायामाच्या वेळी तुम्ही या खोलीत थांबायचं नाही. ते जागचे हलले नाहीत. म्हणून मी दार उघडलं आणि त्यांना बाहेर काढलं. युरियावाल्यांनी ऐकलं ते हेच.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या सर्जनना फोन केला. ते म्हणाले, स्नायूला नसेवाचून वर्ष होत आलं. नस पोचलीय, तर तिला लवकर काम मिळालं पाहिजे. दिवाळीनंतर मी बघतो. तोपर्यंत कोपर हललं नाही तर पुढं फारशी आशा ठेवू नका. हे मी राजेश्वरीला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "बरं."

मग आमचं उलटं काम सुरू झालं, शिकलेलं विसरायचं. मी तिला उभं राहूच दिलं नाही. टेबलाशेजारी खुर्चीत बसवायची, उजवा हात खांद्याच्या उंचीला एका सनमायकाच्या फळीवर आडवा ठेवायची आणि फळीवर टाल्कम पावडर पसरायची. म्हणजे हात उचलायला नको, नुसता छातीकडे सरकला तरी पुरे. झोळी मी ठेवून घेतली. लीलाबाई तिला एस.टी.नं आठवड्यातून चार दिवस आणायच्या. करंट, मग फळी. "सावकाश श्वास घे. हात सैल सोड. आता वाकव." तिनं श्वास घेतला की दंडामागचा स्नायू टणकन आवळायचा आणि हात उलट बाहेर ढकलला जायचा. मी म्हणायचे सैल सोड, ती आणखी आवळायची. सैल सोड हासुद्धा तिला हुकूमच वाटत होता. पाच आठवडे हे चाललं. करंटनं बेडकुळीला थोडं अंग आलं, पण पावडरीवर छातीकडे जाणारी एक रेघ उमटली नाही. मी घरी जाऊन भांडी आपटायचे.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, एस.टी. चुकली म्हणून लालासाहेब दोघींना गाडीवर मागं बसवून सोडायला आले. मी काही म्हणायच्या आत स्वतःच बाहेरच्या बाकावर बसले. आत आमचं नेहमीचं सुरू झालं. श्वास, सैल, वाकव. दहा वेळा. पंधरा वेळा. काही नाही. राजेश्वरीच्या कपाळावर घाम आला होता. मी म्हटलं, जरा थांब, दम खा.

दार ढकलून लालासाहेब आत आले. मी उठलेच. ते म्हणाले, "एक मिनिट म्याडम, ब्येस बातमी हाय, तिला हुरूप यील." आणि पोरीकडं वळून, "राजे, पुढच्या भरतीचा फारम भरला तुजा. काल धनाजीच्या सायबर क्याफेत. हात तवर हुतोयच बरा. उद्यापास्नं पाच वाजता ग्राउंडला चालायला तरी—"

राजेश्वरीनं मान वर केली. तिनं श्वास आत घेतला. घे म्हणून मी सांगितलं नव्हतं, टाचा जुळवायला कुणी सांगितलं नव्हतं. संतापलेलं माणूस बोलायच्या आधी घेतं तसा, खोल श्वास. आणि फळीवर तिचा हात सरकला. चार बोटं अंतर. छातीकडे.

"मला भरती व्हायचं न्हवतं," ती म्हणाली.

लालासाहेबांनी तोंड उघडलं. मी त्यांचं मनगट धरलं, जोरात धरलं आणि फळीकडं बोट केलं. पावडरीत स्वच्छ रेघ उमटली होती. त्यांना ती दिसली. बोलताना श्वास संपला तसा हात मागं गेला होता. राजेश्वरीचं लक्षच नव्हतं, ती बापाकडं बघत होती.

तिनं पुन्हा श्वास घेतला. हात पुन्हा आत आला.

"दोन वर्सं पळले मी. एकदाबी इचारलं न्हाई तुमी. फारम तुमी भरला, बूट तुमी आणलं, किती मिनटात पळली त्ये तुमीच भिंतीवर लिवलं."

श्वास. हात.

"आईला सांगितलं हुतं. आई म्हनली, त्येंच्या म्होरं कोन बोलनार."

लीलाबाईंनी पदर तोंडाला लावला. मी लालासाहेबांचं मनगट सोडलं नव्हतं. त्यांची नाडी माझ्या बोटांखाली पळत होती. या माणसाला घरात कुणी असं बोललं नसावं, आणि बोललं असतं तर पहिल्या वाक्यावरच ते थांबवलं गेलं असतं. आताही त्यांचा जबडा दोनदा हलला. पण प्रत्येक वेळी नजर फळीवर जायची आणि जबडा मिटायचा. पोरगी थांबली तर हात थांबणार, एवढं त्यांना आता माझ्या सांगण्याशिवाय कळत होतं.

"त्या दिशी पहाटं बी मला जायचं न्हवतं," राजेश्वरी म्हणाली. आता आवाज बारीक झाला होता. "पोटात दुखतंय म्हनले, तुमी म्हनला, नाटकं करू नगं."

तिनं श्वास घेतला. या वेळी हात सगळ्यात जास्त आत आला, बोटं जवळजवळ दुसऱ्या खांद्याकडं वळली.

"दवाखान्यात डाक्टर म्हनले हात गेला. तवा मला आदी बरं वाटलं तात्या. उद्या पळायला लागनार न्हाई म्हनून."

खाली खताच्या दुकानात पोती उतरवत होते, त्यांचे धप्प धप्प आवाज येत होते. राजेश्वरीचा श्वास वरवरचा चालू होता आणि हात फळीच्या कडेला पडून होता. मी तिला सांगायला हवं होतं, बाई, खाली बघ, तुझा हात बघ. पाच आठवडे याचसाठी घसा कोरडा केला होता. पण मला रडू येत होतं, आणि पेशंटसमोर रडायचा मला मनस्वी तिटकारा आहे.

लालासाहेबांनी मनगट सोडवून घेतलं. मला वाटलं, आता हा माणूस जिना उतरून जाणार. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, फळीच्या पलीकडं ठेवलं आणि पोरीच्या समोर बसले. फळीवरची पावडर विस्कटली होती, ती त्यांनी तळहातानं सावकाश सारखी केली. बराच वेळ लावला.

"आजून काय ऱ्हायलं आसंल," ते खाली बघतच म्हणाले, "तर बोल. मी हाय हितं."

राजेश्वरीनं श्वास घेतला.